अमारो मागे राहिला

चालत निघालेल्या बाईच्या हातात कुणी अंडी ठेवतं का हो? सफरचंद ठेवलं तर समजू शकतो, पावाचा तुकडा ठेवला तर समजू शकतो. पण आमच्या गालिसियातल्या, स्पेनच्या या पावसाळी कोपऱ्यातल्या माणसांना एकदा उमाळा आला की समोरच्याला ते पेलवेल का, हा विचार मागाहून येतो, आणि कधीकधी येतच नाही. मोएचे गावाच्या अलीकडे एका म्हातारीनं दोसिंदाला कुंपणाशी अडवलं. "देवाच्या वाटेवरचं माणूस, रिकाम्या हातानं कसं जाऊ देऊ?" म्हणाली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली डझनभर अंडी तिच्या पिशवीत सोडून मोकळी झाली. नको म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे 'नको' म्हटलं की ते 'अजून आग्रह करा' असं ऐकू येतं.

तेव्हापासून दोसिंदा ती पिशवी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून चालत होती आणि शेजारी कुणी नसताना शेजारच्याशी भांडत होती.

"बघ. तुझ्यापायी मला काय काय वाहावं लागतंय, बघ जरा. आणि तू चाललायस मजेत, हात हलवत."

शेजारी तिचा नवरा होता, अमारो. वसंतात त्याला लोउसादाच्या दफनभूमीत पुरलं होतं, पण आता तो तिच्यासोबत चालला होता. समुद्राकाठच्या तेइशिदो गावी, सान आंद्रेस या संताच्या देवळाला.

सान आंद्रेसला प्रत्येकाला एकदा जावंच लागतं. जो जिवंतपणी गेला नाही तो मेल्यावर जातो, आणि एकटा निघाला तर सरडा होऊन सरपटत जातो, नाहीतर बेडूक होऊन उड्या मारत. म्हणून तर त्या वाटेवर आमच्याकडे कुणी सरड्याबेडकावर पाय देत नाही. घरचं कुणी सोबत न्यायला असेल तर मात्र मेलेला माणूस माणसासारखा जातो. निघायच्या आधी थडग्याशी जाऊन त्याला नावानं बोलवायचं. मग वाटभर त्याचं सगळं बघायचं. वळण आलं की सांगायचं, बसताना त्याला जागा ठेवायची, जेवताना त्याचं ताट मांडायचं, दारातून आत जाताना, गाडीत चढताना हाक मारायची. मेलेला आपण होऊन कुठे येत नाही.

यात दोसिंदाला नवीन काही नव्हतं. अमारो जिवंतपणीही आपण होऊन कुठे आला नव्हता. शेतातून घरी यायला निघाला की वाटेत ज्याचं दार उघडं त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. रस्सा निवायचा. दोसिंदा फाटकाशी उभी राहून बोंबलायची, आणि तिकडून आवाज यायचा, "आलो, आलो!" आला मात्र कधीच नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हाच नवस बोलला होता की यातून उठलो तर सान आंद्रेसला जाईन, घराच्या दारापासून पायी जाईन, गाडीघोडं करणार नाही. उठला की ठणठणीत. आणि मग काय? यंदा बटाटे काढू दे, यंदा गाय व्यायची आहे, पुढच्या सप्टेंबरात नक्की. असे सप्टेंबर येत गेले आणि एप्रिलमध्ये हा गोठ्यातच आडवा झाला. नवस राहिला बायकोच्या गळ्यात.

"ऊठ अमारो," तिनं थडग्यापाशी सांगितलं होतं. "सान आंद्रेसला जायचंय. आता तरी वेळेवर निघ." बोलावणं म्हणून एवढंच.

तिची सगळी घाई एकाच गोष्टीची होती. त्याला तिथे पोचवायचं, संताच्या हवाली करायचं आणि सुटायचं. पण लोकं सुटू देतील तर ना! पाठीवर बोचकं आणि हातात काठी दिसली की आमच्याकडे माणसाला वाटतं, ही सान्तियागोच्या मोठ्या यात्रेलाच चाललीय. आस पोंतेसच्या बाहेर एक तरुण धावत आला. "काकू, चुकलात! सान्तियागो तिकडे, तुम्ही उलट्या चाललाय!" ती सांगायला तोंड उघडते तोवर त्यानं तिची काठी धरून तिला टेकडीपलीकडच्या रस्त्याला लावलं, वर खिशातली चॉकलेटं दिली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा राहिला. तो उभा होता म्हणून तिला परत फिरताही येईना! अख्खी सकाळ त्या भल्या माणसाच्या भलेपणात गेली.

मग गाड्या. नोव्हेंबरचा शेवट, पावसाची झड लागलेली, रस्त्याला ही एकटी बाई. प्रत्येक गाडी थांबायची. "बसा, सोडतो." "नको, पायी नवस आहे." "कुणाचा नवस?" "नवऱ्याचा." "मग त्याला चालू द्या की, तुम्ही बसा!" हा विनोद तिनं इतक्यांदा ऐकला होता की पुढचा माणूस तोंड उघडायच्या आतच तिच्या कपाळावर आठी चढायची. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. देवा, या जगात एखादा तरी दुष्ट माणूस शिल्लक ठेवलायस का, जो मला नुसतं जाऊ देईल?

मोएचे मागे पडलं आणि तिचा डावा गुडघा गेला. आधी नुसता ठणकत होता, मग एका उतारावर आतून कट्कन काहीतरी झालं आणि पाय टेकवेना. त्यात पाऊस असा सुटला की समोरचं दिसेना. रस्त्याकडेला बसथांब्याची सिमेंटची शेड होती, समोर एकच घर. दोसिंदा लंगडत आत गेली, बाकाच्या एका टोकाला बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"बस तूही," ती म्हणाली. "तुला काय, तुझं काही दुखत नाही."

तिथे पावाची पांढरी गाडी थांबली. गाडीतून पिठानं माखलेल्या एप्रनमधली एक धिप्पाड बाई उतरली, समोरच्या घराच्या फाटकावरल्या पिशवीत तिनं पाव टाकला, वळली आणि दोसिंदाचा पाय बघून थबकली.

"अगं बाई! हा गुडघा आहे का भोपळा?"

"काही नाही, बसलं की जाईल."

"जाईल ना, कापावाच लागेल मग! चला, उठा."

"मी गाडीत बसत नाही. पायी नवस आहे, सान आंद्रेसचा. नवऱ्याला नेतेय."

साबेलानं, कारण तिचं नाव साबेला, याच्यावर विनोद केला नाही. ती म्हणाली, "नवस मोडायला कोण सांगतंय? गुडघ्याला पट्टी बांधायची, गरम जेवायचं, झोपायचं. उद्या पाव टाकायला मी येतेच, याच बाकावर आणून सोडते. इथूनच पुढे चाला. संताला एक पाऊलसुद्धा कमी पडायचं नाही." आणि दोसिंदा विचार करतेय तोवर साबेलानं तिला काखेत हात घालून उचललंही, गाडीत कोंबलंही, दार लावलंही.

गाडीत ऊब होती. ताज्या पावाचा वास होता. साबेलानं पिशवीत डोकावून बघितलं.

"अंडी? मोएचेच्या अलीकडली म्हातारी ना, निळ्या फाटकाची? जाणाऱ्यायेणाऱ्याला धरून धरून देते. तिच्या नवऱ्यानं वैतागून कोंबड्याच विकायला काढल्या, तर गिऱ्हाईक दारात आल्यावर हिनं त्याला दोन कोंबड्या फुकट दिल्या!"

दोसिंदाला हसू फुटलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. एप्रिलपासून ती हसली नव्हती. साबेला बोलत होती, वायपर फिरत होते, कुणाला हाक मारायची नव्हती, कुणाला वळण सांगायचं नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं. बोचकं उतरवल्यावर खांदे कसे वर येतात, तसं. असं का वाटतंय, याचा तिनं विचार केला नाही. विचार करायला हवा होता.

सेर्दिदोच्या पलीकडे साबेलाचं घर, खाली भट्टी आणि वर राहायला. तिचा नवरा लोइस हा शांत, किडकिडीत माणूस. त्यानं एक शब्द न विचारता दोसिंदाचा बूट काढला, गुडघ्याला मलम चोळून पट्टी बांधली. मग टेबलावर पानकोबी-बटाट्याचा रस्सा आला, वाफाळता, त्यात डुकराच्या चरबीचा तवंग. लोइसनं ताटं मांडली. तीन माणसं, पण त्यानं चौथंही मांडलं, चमचा नीट सरळ केला आणि दोसिंदाकडे बघितलं.

"तुमचे मालक कुठे बसतील? खिडकीशी, का चुलीजवळ? पावसातून आलेत, चुलीजवळ ठेवतो."

दोसिंदाचा घास तोंडाशीच राहिला.

तिनं दाराकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग आपल्या शेजारच्या खुर्चीकडे. गाडीत चढताना ती काय म्हणाली होती? काहीच नाही. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. तोंडातून हाकच निघाली नव्हती.

"तो नाहीये," ती म्हणाली. "मी त्याला बोलावलंच नाही. तिथेच राहिला, बाकावर."

मग दोसिंदाचा असा भडका उडाला की विचारू नका.

"तुम्ही! तुम्ही मला ओढलंत गाडीत! मी मागितलं होतं का काही? मी बसले होते गप माझ्या जागेवर! पाच दिवस, पाच दिवस हेच चाललंय! हे घ्या, ते घ्या, इकडून जा, तिकडून जा! कुणी मला चालू देत नाही! आणि आता तो तिथे पावसात एकटा, त्याला वाटही माहीत नाही, त्याला घरामागचा ओढासुद्धा दोनदा विचारून सापडायचा!"

ती रडतही होती आणि टेबलावर मूठही आपटत होती. साबेलानं सगळं ऐकून घेतलं. तिला राग आला नाही, निदान दिसला तरी नाही.

"रडायचं ते गाडीत रडा," ती म्हणाली. "आधी बूट घाला."

लोइसनं चौथ्या ताटातला रस्सा झाकणाच्या डब्यात ओतला आणि डबा फडक्यात गुंडाळून दोसिंदाच्या हातात दिला. "उपाशी असतील," एवढंच म्हणाला.

परतीचा रस्ता तोच, पण आता साबेला बैलगाडीच्या वेगानं चालवत होती. दुपार असून अंधारून आलं होतं. आमच्याकडे असा पाऊस लागला की बेडूक डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, आणि दोघींच्या मनात तेच होतं. अमारो वाट बघून कंटाळला असेल, एकटाच निघाला असेल, तर...

साबेलानं करकचून ब्रेक दाबला. गाडीपुढे मधोमध एक भलामोठा बेडूक होता, खडबडीत, तपकिरी, पोट सुटलेला.

दोसिंदा लंगडत खाली उतरली. पावसात वाकून उभी राहिली.

"अमारो?"

बेडकानं डोळे मिटले आणि उघडले.

"अमारो, तू आहेस का?" तिला स्वतःचाच संताप आला. या वयाची बाई, भर रस्त्यात, बेडकाला नाव विचारतेय! आणि तरी ती खाली बसून त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघत राहिली. मग उठली.

"नाही. हा पार इथवर आलाय. अमारो इतक्यात हललाच नसता."

"खात्री आहे?"

"चाळीस वर्षं संसार केलाय मी."

तरी साबेलानं उतरून बेडकाला दोन्ही हातांनी उचललं आणि कडेच्या गवतात ठेवलं, तोंड सान आंद्रेसच्या दिशेनं करून. हा नाही तर कुणाचा तरी असेलच.

शेड रिकामी होती. म्हणजे रिकामीच दिसणार, पण दोसिंदा आत जाऊन उभी राहिली आणि तिला वाटलं, खरंच रिकामी आहे. बाक ओला होता. तिनं हाक मारली. एकदा मारली, मग पुन्हा मारली, मग फाटकाशी उभं राहून मारायची तशी घसा ताणून मारली. पावसाचा आवाज तेवढा येत होता. जिवंतपणी "आलो, आलो" तरी म्हणायचा! आता तर तेही नाही. आला की नाही हे कळायचं तरी कसं? आणि न कळता पुढे चालत गेलं तर पोचवलं कुणाला? पाच दिवसांचं चालणं, गुडघा, सगळं मातीत!

"ओ बाई!" समोरच्या घरातून आवाज आला. एक वाळकी, काळ्या कपड्यांतली म्हातारी छत्री धरून फाटकाशी आली होती. "किती ओरडाल? तो इथे आहे, आत."

दोसिंदा वळली. "कोण?"

"तुमचा माणूस. टाकून गेलात ना."

तिचं नाव एरुंदिना. स्वयंपाकघरात लोखंडी चूल पेटलेली होती, चुलीजवळ वेताची खुर्ची ओढलेली, खुर्चीवर उशी, आणि खुर्चीसमोर स्टुलावर कॉफीचा कप. त्यात द्राक्षाच्या दारूची धार सोडलेली होती, वासच सांगत होता. खुर्चीच्या पाठीवर एक कोरडा टॉवेल ठेवला होता. दोसिंदा उंबऱ्यातच खिळली.

"तुम्हाला दिसतो तो?" तिनं हळूच विचारलं.

"दिसायला मी काय चेटकीण आहे?" एरुंदिना फणकारली. "मला समोरची कोंबडी धड दिसत नाही. पण मी खिडकीत बसलेली असते ना दिवसभर. तुम्ही आलात, एवढा लांब बाक, आणि एका टोकाला अंग चोरून बसलात. पिशवी बाजूला ठेवायची सोडून मांडीवर. मग बाजूच्या मोकळ्या जागेवर खेकसत होतात. मी म्हटलं, ही नवऱ्याला घेऊन चाललीय. मग साबेला आली, तिनं तुम्हाला पोतं टाकावं तसं गाडीत टाकलं, आणि तुम्ही काही मागे वळून बोलला नाहीत. मी इथून काठी आपटली काचेवर, पण कुणाला ऐकू येतंय?"

"आणि मग?"

"मग काय? छत्री घेतली, गेले. म्हटलं, 'या, आत येऊन बसा. ती परत येईल. इथे काय भिजायचं?' परक्या माणसाला असं पावसात सोडतात होय?" ती खुर्चीकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाली, "फार गुणी माणूस हो. एकदा म्हटलं आणि आला."

झालं! दोसिंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. मी पावसात घसा फोडतेय, बेडकांना नावं विचारतेय, आणि हा इथे चुलीशी उशीला टेकून कॉफी पितोय! परक्या बाईच्या स्वयंपाकघरात! मेल्यावरही तेच!

"ऊठ," ती खुर्चीला म्हणाली. "ऊठ म्हणते ना! झालं तेवढं पुरे. मी फाटकाशी उभी राहणार नाही आता, समजलं? चल लवकर."

चुलीत लाकूड तडकलं. दाराशी साबेला डबा धरून उभी होती, तिनं नजर जमिनीकडे वळवली.

"अशा हाकेला कोंबडीसुद्धा यायची नाही," एरुंदिना म्हणाली.

"तो अशाच हाकेनं यायचा."

"यायचा का?"

दोसिंदा उत्तर द्यायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की नाही, यायचा नाही. तिची हाक ऐकली की तो आणखी बसायचा. आणि या म्हातारीनं नुसतं 'या, आत बसा' म्हटलं तर हा उठून आला.

"जिवंत माणूस रागाच्या हाकेलाही येतो, पोटासाठी येतो," एरुंदिना म्हणाली. "मेलेल्याला पोट नाही. त्याला गोडीनंच बोलवावं लागतं. थडग्याशी काय म्हणाला होतात?"

"आता तरी वेळेवर निघ, म्हटलं."

"अरे देवा," साबेला दारातून पुटपुटली.

"माझ्या तोंडात त्याच्यासाठी गोड शब्द नाही!" दोसिंदा ओरडली. "काय करू? नाहीच! आयुष्यभर वाट बघितली मी याची. सगळा गाव म्हणायचा, अमारो कसा भला, अमारो कसा प्रेमळ, आणि मी ती कजाग. तुम्ही सगळे असेच! वाटेत भेटणारे सगळे भले. एक घटका चांगलं वागायला काय जातं? घरी रोज कोण असतं? मी!"

एरुंदिनानं दुसरी खुर्ची पहिलीच्या शेजारी ओढली आणि दोसिंदाच्या दंडाला धरून तिला बसवलं. मग साबेलाला घेऊन बाहेर गेली, म्हणाली, कोंबड्या बघायच्यात. पावसात कसल्या कोंबड्या बघायच्या? पण दार ओढून घेतलं.

दोसिंदा बसून राहिली. गुडघा ठणकत होता. कॉफीची वाफ विरत चालली होती. ती चुलीकडे बघत बोलली.

"गाडीत मला बरं वाटलं, अमारो. तू नव्हतास तर बरं वाटलं. हसले मी." ती थांबली. "मग त्या माणसानं तुझं ताट मांडलं, आणि तू नव्हतास."

नाक पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा तिनं खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल घेतला.

"मला एकटीला नाही रे जाता येणार. चल माझ्यासोबत. कॉफी पिऊन घे, मग चल. मी बसलेय."

आला की नाही, कुणी सांगावं? पण ती उठली तेव्हा तिनं दार उघडून धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि कुणाला तरी पुढे जाऊ दिल्यावर मग आपण बाहेर पडली. साबेला गाडीशी होती. तिनं डबा पुढे केला. दोसिंदानं घेतला आणि "तुमच्यावर ओरडले मी," म्हणाली. साबेला म्हणाली, "आमच्या घरी यापेक्षा मोठ्यानं ओरडतात, लोइस म्हणून तर बहिरा झालाय." ती रात्र नवराबायको दोघं एरुंदिनाकडेच राहिली. पिशवीतल्या अंड्यांचं मोठं ऑम्लेट झालं.

पुढची वाट तिनं लंगडत, सावकाश काढली. का कोण जाणे, आता कुणी गाडी थांबवली नाही, कुणी काही दिलं नाही. कदाचित ती आता एकटी दिसत नसावी. ती अमारोला वळणं सांगत होती. मध्येच शिव्याही घालत होती, सवय कुठे जाते? पण पुढे डोंगर सुरू झाला आणि वाऱ्याला समुद्राचा वास आला, तशी ती वारंवार थांबू लागली. इथे टेकू, तिथे टेकू. गुडघ्याचं निमित्त होतंच.

तेइशिदोला धुकं होतं. देवळाच्या अलीकडे एकच दुकान उघडं होतं. कणकेचे रंगवलेले संत, होड्या आणि मासे मांडून एक जाडजूड बाई शाल गुंडाळून बसली होती. दोसिंदा तिच्या दुकानासमोरच्या कठड्यावर बसली, एका टोकाला. खूप वेळ बसली. देवळाचं दार समोर उघडं होतं. आत जायचं, मेणबत्ती लावायची, 'पोचलास, आता राहा' म्हणायचं आणि एकटीनं बाहेर यायचं. एवढंच उरलं होतं, आणि याच घाईत तर ती सगळ्या वाटेवर सगळ्यांच्या अंगावर धावून गेली होती.

दुकानवालीला असली माणसं ओळखू येत. तिनं मेणबत्ती काढली, तिच्या हातात ठेवली, पैसे घेतले नाहीत.

"कुणाला आणलंत?"

"नवऱ्याला."

"लांबून?"

"लोउसादाहून. पायी."

"मग जा, बाई, आत घेऊन जा त्यांना. इतक्या लांबून आणलंत, आता सोडायला हवं. पाद्री दार लावून घेतील थोड्या वेळात."

दोसिंदानं मेणबत्ती मुठीत घट्ट धरली आणि त्या भल्या बाईच्या अंगावर ती अशी खेकसली की धुक्यातली कबुतरं उडाली.

"घाई काय आहे तुम्हाला? बसू द्या की त्याला जरा! आत्ता तर आलाय!"